बायपासनंतरची पहिली शिफ्ट

भिलाईत बायपास करून आलेला कामगार माझ्यासमोर बसला, की त्याचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘साहब, हल्का काम लिख दो.’ मराठी असला, तर तेच मराठीत. 1955 साली सोव्हिएत युनियनशी करार होऊन इथे पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, आणि रेल्वेच्या रुळांवरून विदर्भातली कितीतरी घरं येऊन इथल्या सेक्टरांत स्थिरावली. त्यांची नातवंडं आज म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, बाबांना जरा हलकं काम द्यायला सांगा ना.’ मी तसं लिहून देत नाही. पोलादाच्या कारखान्यात हलकं काम म्हणजे काय, हे मला अजून कोणी नीट दाखवलेलं नाही. बसून करायची कामं असतात, पण त्यातली काही सगळ्यांत जोखमीची.

क्रेनचंच घ्या. खुर्चीत बसायचं आणि लिव्हर हलवायचे; शरीराला श्रम म्हणाल तर ऑफिसातल्या बाबूपेक्षा थोडे जास्त. पण त्या केबिनपर्यंत लोखंडी जिने चढून जावं लागतं आणि खाली हुकाला वितळलेल्या पोलादाचं शंभर टनांहून जड लॅडल लटकत असतं. या माणसाला दहा सेकंद चक्कर आली, तर त्याच्या हृदयाचं जे व्हायचं ते होईल. खाली उभ्या असलेल्यांचं काय? म्हणून क्रेनवाल्याच्या कागदांत मी ब्लॉकेज किती होते यापेक्षा ठोक्यांची लय बिघडते का हे आधी बघतो आणि चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सलग नोंद, मागवतो. उलट जमिनीवर पाना फिरवणाऱ्या फिटरला घाम जास्त येतो, पण त्याला मी क्रेनवाल्याच्या आधी कामावर पाठवलेलं आहे. फिटरच्या घरच्यांना हा अन्याय वाटतो.

पेशंटला स्वतःच्या हृदयाचं ‘पम्पिंग’ तोंडपाठ असतं. पन्नास टक्के, पंचावन्न टक्के, परीक्षेतल्या गुणांसारखं सांगतात. तो आकडा महत्त्वाचा खरा, पण माणूस काम किती करू शकेल हे त्यावरून कळत नाही. ते कळतं टीएमटीच्या, म्हणजे ट्रेडमिल चाचणीच्या, पट्ट्यावर. आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, त्याला एक मेट म्हणतात. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत पट्ट्यावर नऊ मिनिटं टिकला, तर माणूस साधारण 10 मेटपर्यंत पोहोचला. आठ तासांच्या कामाची सरासरी या कमाल ताकदीच्या 40 टक्क्यांच्या आसपास राहिली पाहिजे; मधल्या थोड्या मिनिटांची जोराची कामं 80 टक्क्यांपर्यंत चालतात. म्हणजे 10 मेटच्या माणसाला चार मेटची शिफ्ट झेपते. वेल्डिंग त्यात बसतं. फावड्याने माल भरणं दिवसभर बसत नाही, थोडा वेळ बसतं.

गणित सोपं वाटतं, पण टीएमटी होते एसीच्या खोलीत, सुती शर्ट घालून. भट्टीसमोर मे महिन्यात जाड जॅकेट, हेल्मेट, सेफ्टी शूज घालून उभं राहिलं की रक्त अंग थंड ठेवायला कातडीकडे धावतं आणि तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. बायपासवाल्याच्या गोळ्यांत बहुधा बीटा ब्लॉकर असतो. तो ठोके फारसे वाढू देत नाही. लघवी वाढवणारी गोळी असेल, तर घाम आणि गोळी मिळून शरीर कोरडं करतात. त्यामुळे उष्ण विभागातल्या माणसाला मी शक्यतो मार्च ते जून या काळात पहिल्यांदा आत पाठवत नाही. शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली असेल, तर त्याच्या नशिबाने पावसाळाच उजाडतो.

या सगळ्यापेक्षा मला जास्त धास्ती गॅसची वाटते. ब्लास्ट फर्नेसमधून निघणाऱ्या वायूत पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जून 2014 मध्ये इथेच अशा गॅसने सहा जणांचा जीव घेतला. भिलाईत ते कोणी विसरलेलं नाही. पण मला इथे त्या मोठ्या गळतीबद्दल बोलायचं नाही. मी बोलतोय ते कायद्यात बसणाऱ्या, रोजच्या थोड्या गॅसबद्दल. 1948 च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीतली आठ तासांची मर्यादा 50 पीपीएम होती. धडधाकट माणसाला तेवढ्याने बहुधा काही जाणवत नाही. पण तेवढ्या हवेत पूर्ण शिफ्ट काढली, की पाच टक्क्यांच्या वर हिमोग्लोबिन गॅसने अडवलेलं असतं. आणि 1989 साली अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात हे प्रमाण दोन ते चार टक्के झाल्यावरच व्यायामात ईसीजी लवकर बिघडताना दिसला. म्हणजे निरोग्यांसाठी आखलेली रेषा आमच्या पेशंटला पुरत नाही. गॅसच्या लाइनवरच्या माणसाला बायपासनंतर मी दुसरा विभाग सुचवतो आणि त्यावर घासाघीस करत नाही. बिडीचंही तेच. धुरातून तोच वायू रक्तात जातो. गेटबाहेर दोन बिड्या ओढून आत येणारा त्याच्या वाट्याचा गॅस घरून घेऊनच येतो.

झडप बदललेल्यांची कथा निराळी. धातूची झडप असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर साधारण दोन ते साडेतीनच्या दरम्यान, झडप कुठली त्यावर. धारदार पत्रे, उंचावरचं काम नको. हाइट पास मी अडवतो. पेसमेकर असेल, तर चुंबकाने माल उचलणाऱ्या क्रेनजवळची आणि वेल्डिंगची कामं पेसमेकरच्या कंपनीच्या तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय नाहीत.

घरी मात्र सगळ्यांना आरामच हवा असतो. हार्ट अटॅक आलेल्याला सहा-सहा आठवडे पलंगावर पाडून ठेवायचे, त्या काळाची ही शिल्लक. ती मोडण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्यातले एक पॉल डडली व्हाइट. 1955 च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला तेव्हा व्हाइट यांनी त्यांना हळूहळू कामाला लावलं. पुढच्या वर्षी ते निवडणूकही जिंकले. भारतातला पहिला बायपास 1975 साली मद्रासला पेरांबूरच्या रेल्वे हॉस्पिटलात डॉ. के. एम. चेरियन यांनी केला. तेव्हापासून इतकी वर्षं झाली, तरी ‘यांना पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाही मी’ हे अभिमानाने सांगणाऱ्या वहिनी मला भेटतात. छातीचं मधलं हाड जुळायला बारा आठवडे लागतात, तोवर बादली नको, ग्लास चालतो. आणि सगळे बाहेर गेल्यावर दार लोटून नवरा एकटाच पुन्हा आत येतो, तो काय विचारणार हे मला ठाऊक असतं. दोन मजले न थांबता, छातीत न दुखता चढता येतात का? मग तेही चालेल.

कायम नोकरीतल्या माणसाची रजा, पगार, बदली यांची वाट मळलेली असते. ठेक्यावरच्या माणसाचं तसं नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वेतनाच्या 70 टक्के, तोही वर्षाला 91 दिवस. हाडाचे बारा आठवडे म्हणजे 84 दिवस. कागदावर छान बसतं. पण शस्त्रक्रियेआधी तपासण्या, अँजिओग्राफी, नंबर लागायची वाट यांतच महिना-दीड महिना संपतो. पुढची वाढीव मुदत ठरावीक गंभीर आजारांना. शस्त्रक्रिया झाली एवढंच पुरत नाही, त्यानंतर गुंतागुंतही व्हावी लागते. सगळं सुरळीत पार पडलेला माणूस त्यात बसत नाही. म्हणून मी पहिल्याच भेटीत विचारतो, ऑपरेशनच्या आधी किती दिवस घरी होतास? मग दोघं मिळून उलटा हिशेब मांडतो: सातव्या-आठव्या आठवड्यात, वजन न उचलता, उन्हात न जाता, नाइट न करता काय जमेल? टूल रूममध्ये अवजारांची नोंद, हजेरीचं रजिस्टर, असं काहीतरी सापडतं. ते मी चिठ्ठीवर स्पष्ट लिहितो, किती किलो, किती तास, किती आठवडे. ठेकेदार चिठ्ठी वाचतो, उलटून मागे काही लिहिलंय का बघतो आणि म्हणतो, ‘साहब, ये काम तो मेरे वर्क ऑर्डर में है ही नहीं.’