टॅपेटची टकटक

"वर गेली की झ्याक पळतीया, पण खालनं उचलंना झालीया," एवढं सांगून तात्या गाडी स्टँडवर लावून समोर चहाला गेले. पिकअपची तक्रार घेऊन येणारी दहातली आठ माणसं हेच सांगतात, पण तात्यांची गाडी यवतेश्वरचा घाट रोज चढते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन ते साताऱ्यात उतरतात आणि दुपारी मागे पेंडीचं पोतं बांधून वर जातात. वळणावर, दुसऱ्या गिअरात, इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास फिरत असताना गाडीनं ओढायचं, तर नेमकी तिथंच ती बसायची. चार हजारांच्या पुढे नेली, की जसं काही झालंच नव्हतं.

कार्बोरेटरचे दिवस असते तर मी आधी हवेचा स्क्रू पाव आटा फिरवून बघितला असता. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि तो स्क्रू गेला. आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो. त्याचा एक स्वभाव मला उशिरा कळला. तो मुकाट्यानं सांभाळून घेतो. हवा जास्त आली, की ऑक्सिजन सेन्सर सांगतो आणि तो इंजेक्टर अंमळ जास्त वेळ उघडा ठेवतो. दुखणं त्याच्या आवाक्याबाहेर गेल्याशिवाय दिवा लागत नाही. तात्यांच्या गाडीला स्कॅनर लावला, तर एकही कोड नाही.

मग नेहमीची फेरी. मागचं चाक हातानं फिरवून ब्रेक चिकटत नाही ना ते बघितलं. यात लाज नाही, ड्रम ब्रेक जाम असलेल्या गाड्यांचे इंजेक्टर धुतलेले मी पाहिलेत. फिल्टर झटकला, प्लग काढला. पंपाचं प्रेशर तीन बारच्या आसपास, म्हणजे ठीक. थ्रॉटल सेन्सर मूठ बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या जवळ, आणि मूठ पिळत गेलो तसा कुठंही न अडखळता वर. इनटेकच्या रबरावर क्लीनरचा फवारा मारला, आयडलिंगमध्ये फरक नाही, म्हणजे रबर फाटलेलं नाही. सायलेन्सरच्या बेंडचा जॉइंट हात जवळ नेऊन तपासला. तिथं फट असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू उगाच जास्त सोडत बसतो. तेही नव्हतं.

तात्यांचं मत ठरलेलं होतं : "त्या इथेनॉलनं केलंय सगळं." हल्ली गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक दुखण्याचं खापर ई-२० वरच फुटतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, हे खरंच. पण मग गाडी वरही मार खाईल. फक्त खालीच बसायचं आणि वर झ्याक पळायचं, हे पेट्रोलचं लक्षण नव्हे.

धागा सापडला तो भलत्याच प्रश्नातून. "तात्या, सेल कसा मारतीया?"

"सकाळी एका दमात. दुपारी तापल्यावर दोन-तीनदा मारावा लागतोय."

कॉम्प्रेशन गेज लावला. गार इंजिनावर काटा बरा चढला. गाडी फिरवून, तापवून पुन्हा लावला, तर बराच खाली राहिला. म्हणजे गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नव्हता. दोन हजारांवर पिस्टनचा वर येण्याचा एक फेरा १५ मिलिसेकंदांचा, सहा हजारांवर ५ चा. फट तेवढीच, पण खाली हवेला निसटायला तिप्पट वेळ मिळतो. वर गेलं की तिला निसटायला सवड नाही. म्हणून वर झ्याक. आणि व्हॉल्व्हची फट मोजणारा सेन्सर त्या गाडीत कुठंच नाही, मग दिवा लागणार तरी कसा?

टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली, फट गार इंजिनावरच बघायची असते, म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. रात्री सहज वही चाळली. सहा महिन्यांपूर्वीची नोंद, माझ्याच अक्षरात : 'टॅपेट. आवाज.' तेव्हा तात्या टकटक येते म्हणून आले होते. दुकानात गर्दी होती, इंजिन गरम होतं, आणि मी फट मोजायची पात न घालता आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळला होता. आवाज गेला, तात्या खूश, मीही.

सकाळी मॅग्नेटवरची टी खूण खिडकीत आणली, दोन्ही रॉकर मोकळे व्हायला हवे होते. इनटेकला ०.०८ मिलिमीटरची पात कशीबशी शिरली. एक्झॉस्टला ०.१२ ची हवी, तिथं ०.०५ चीही शिरेना. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. त्याला लांबायला मी जागाच ठेवली नव्हती. आणखी दोन-चार महिने गाडी तशीच पळाली असती, तर व्हॉल्व्हची कड जळाली असती, कारण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडतो. नशीब, सीट अजून शाबूत होती. फट पातीनं लावली, लॉकनट आवळला, आवळताना स्क्रू हलला असेल म्हणून परत पात घातली. खरंच हलला होता. पुन्हा केलं.

तात्या एक चक्कर मारून आले. बोगद्यापर्यंतच्या चढावर दुसऱ्याच गिअरात ओढली म्हणाले. मग वाकून इंजिनाला कान लावला.

"मिस्त्री, टकटक परत आली की."

"येऊ द्या, तात्या." मग चूक माझी होती तेही सांगितलं. कव्हरच्या रबरी रिंगांचे पैसे तेवढे घेतले. ते ऐकलं न ऐकलं असं करून त्यांनी अजून थोडा वेळ आवाज ऐकला आणि पेंडीचं पोतं बांधायला माझ्याकडे दोरी मागितली.