संगणकात पाणी खेळवताना

मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या पेटीत तांब्याचे ठोकळे, नळ्या आणि पंप बसवून त्यातून पाणी खेळवावे, हे वाचकांना काहीसे विक्षिप्त वाटेल. मलाही ते तसेच वाटत होते. गेल्या उन्हाळ्यापूर्वी या विद्येशी माझा काडीचाही संबंध नव्हता. ज्या कारणाने तो आला ते कारण मात्र शुद्ध वाङ्मयीन होते आणि शेवटी जे हाती लागले तेही. म्हणून हे टिपण इथे लिहिण्याचे धाडस करतो आहे.

२००१ ते २००३ या काळात पीएच.डी.च्या निमित्ताने अकोला जिल्ह्यातील काही गावांतून मी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. साठ मिनिटांच्या ६३ कॅसेटी. गिरणीवरून पीठ आणण्याची सवय होऊन तोवर बरीच वर्षे लोटली होती. त्यामुळे जाते मांडले जाई ते केवळ माझ्या आग्रहाखातर. पण एकदा खुंट्याला हात लागला की आग्रह कुणाचा होता हे बाया विसरून जात. कॅसेटींवरून मी ओव्या वहीत उतरवल्या, वहीवरून प्रबंध लिहिला आणि कॅसेटी कपाटात गेल्या. लोकसाहित्याच्या पुष्कळ अभ्यासकांचे असेच होत असावे. संहिता एकदा कागदावर आली की आवाजाकडे पुन्हा कोण वळतो?

मी वळलो तो एका कॅसेटची फीत प्लेअरमध्ये गुंतून चुरगळली तेव्हा. मग घाईघाईने सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. मिश्र ध्वनीतून माणसाचा आवाज वेगळा काढणाऱ्या आज्ञावली आता सहज मिळतात. जात्याची घरघर बाजूला करून गळा तेवढा ऐकावा, असा बेत केला. या कामाला जोरकस ग्राफिक्स कार्ड लागते. चित्रफितींच्या संपादनाचा व्यवसाय करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आपले वापरलेले यंत्र मला सवलतीत दिले, आणि इथून पुढे फजितीला प्रारंभ झाला.

अकोल्याचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे त्यांना अधिक सांगायला नको. पारा ४५ अंशांपुढे जाणे इथे नित्याचे. खोलीतला कूलर चालू ठेवला तर त्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. बंद ठेवला तर यंत्र तापते आणि त्याचे पंखे कूलरची उणीव भरून काढतात. एका कॅसेटवर प्रक्रिया चालू असताना दुसरी ऐकावी, तर कार्ड ८४ अंशांवर, प्रोसेसर ९५ च्या घरात, आणि पेटीतून गिरणीसारखा आवाज. प्रक्रिया थांबवली तरी पंखे काही शांत होत नसत. हेडफोन लावून तासन्‌तास बसल्याने कानात दडे बसू लागले आणि डॉक्टरांनी त्यावर सक्त मनाई केली. मी पहाटे चारला उठून ऐकू लागलो. ओव्या गाण्याची वेळही तीच, हे तेव्हा फार काव्यात्म वाटे. पण पंख्यांना पहाटेचे काही कौतुक नव्हते.

सुटीत आलेल्या, अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने निदान केले, ‘‘मामा, याला पाणी लावा.’’ पिकाला पाणी लावतात तसे तो सहज बोलून गेला. ही मात्र म्हणाली, ‘‘अहो, घरातल्या झाडांना पाणी घालायची आठवण राहत नाही तुम्हाला!’’

माझ्या डोळ्यांपुढे माठ होता. माठातले पाणी आपोआप गार होते, तसेच यंत्रही गार होणार, अशी माझी भाबडी समजूत. भाच्याने ती पहिल्याच दिवशी मोडून काढली. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी खोलीतल्या हवेपेक्षाही गार. संगणकातले पाणी बंदिस्त. ते पाझरत नाही, उडत नाही. म्हणून खोलीच्या तापमानाखाली ते जाऊच शकत नाही. ‘‘पाणी थंड करत नाही मामा, नुसतं वाहून नेतं. उष्णता इथून उचलायची आणि तिकडे नेऊन टाकायची.’’ तिकडे म्हणजे रेडिएटरमध्ये, आणि तिथून पुन्हा माझ्याच खोलीत. खोली पूर्वीइतकीच तापणार होती. मग हा खटाटोप कशाला? तर आकारमानाला आकारमान धरले असता पाणी हवेच्या तीन हजारांहून अधिक पट उष्णता सामावून घेते. कार्डाच्या तळहाताएवढ्या जागेत उकळणारी उष्णता हातभर लांबीच्या रेडिएटरवर पसरली की तीन मोठे पंखे मंद गतीने फिरले तरी भागते. मला हवी होती ती ही मंद गतीच.

अमेरिकेत सीमोर क्रे यांचा ‘क्रे-२’ हा महासंगणक १९८५ साली आला, तेव्हा त्याचे सारे मंडल वीज न वाहणाऱ्या एका द्रवात चक्क बुडवून ठेवलेले असे. ते वाचून धीर आला. आपण निदान बुडवत तरी नाही.

सामान जमवण्यात दीड महिना गेला. खर्चाचा आकडा घरात सांगितलेला नाही, म्हणून इथेही सांगत नाही. दुसरे एखादे लहान, मुके यंत्र केवळ ऐकण्यासाठी घेतले असते तर पुष्कळ स्वस्त पडले असते, हे मला सगळे जोडून झाल्यावर सुचले. प्रोसेसरसाठी एक आणि कार्डासाठी एक असे दोन वॉटरब्लॉक, म्हणजे आतून केसासारख्या बारीक खाचा पाडलेले तांब्याचे ठोकळे, ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, पंप, त्यावर बसणारी पाण्याची उभी नळकांडी, मऊ नळी आणि पाव इंची आट्यांची डझनभर फिटिंग्ज. रेडिएटर ॲल्युमिनिअमचा घेऊ नये, हे एक पथ्य. तांबे आणि ॲल्युमिनिअम एकाच पाण्यात नांदू लागले की ॲल्युमिनिअम झिजत जाते. ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून जे मिळते ते बहुधा क्षार काढलेले असते, ऊर्ध्वपातित असेलच असे नाही. म्हणून रसायनशास्त्र विभागातल्या सहकाऱ्याकडून खात्रीचे पाणी आणले आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारे द्रावण मिसळले. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही म्हणतात. पण धातूंच्या सहवासात काही दिवस काढले की पाण्याचा तो सोवळेपणा टिकत नाही.

या सगळ्याला मराठी शब्द कोणते, असा प्रश्न मला पडणे स्वाभाविक होते. परिभाषा कोशातले शब्द बाजूला ठेवले, तेव्हा ध्यानात आले की पाणी अडवण्या-वळवण्याची भाषा आपल्याकडे उदंड आहे. मोटेचे पाणी पडते ते थारोळे. इथली नळकांडी थारोळेच. तिथून निघतो तो पाट. फरक इतकाच की शेतातले पाणी वाफ्यात मुरते आणि इथले फिरून थारोळ्यात येते. पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की कार्डाकडे, यावर मी दोन दिवस खल केला. भाच्याने फोनवरून हिशेब मांडून दाखवला : मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर चारशे वॉट उष्णता उचलताना ते दीड अंशानेही तापत नाही. फेरा पुरा झाला की सगळीकडचे पाणी जवळपास सारखेच. क्रमाला महत्त्व नाही. प्रकरणांचा क्रम तीनदा बदलून प्रबंध लिहिलेल्या माणसाला ही गोष्ट पचायला जड गेली.

पंपाचा धडा मात्र मला नवा नव्हता. या पंपांचे बेअरिंग आतल्या पाण्यावरच तरते. कोरडा चालवला तर तो काही वेळात खराब होतो. आमच्या विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या पंपाने हवा घेतली की वडील फूट व्हॉल्व तपासत, वरून बादलीने पाणी आणि शेणकाला ओतत, आणि पाइपाला कान लावून उभे राहत. आत हवा आहे की पाणी, हे त्यांना आवाजावरून कळे. थारोळ्यात पाणी ओतून मी पंप क्षणभर चालू केला, लगेच बंद केला, पुन्हा पाणी भरले, पुन्हा चालू केला. नळीतून बुडबुड्यांची माळ सरकत होती आणि पंप खरखरत होता. पेटी उचलून डावी-उजवीकडे कलती केली. हळूहळू खरखर विरली. मी पेटीला कान लावून बसलो आहे, हे दारात उभ्या असलेल्या हिच्यामुळे कळले.

गळती पाहण्याची रीत अशी की मुख्य यंत्राची वीज पूर्ण तोडायची, वीजपुरवठ्याच्या दोन पिना तारेने जोडून फक्त पंप चालवायचा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवून चोवीस तास वाट पाहायची. मी उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या पुरवण्या ठेवल्या. रात्री दोनला कार्डाखालच्या पुरवणीवर रुपयाएवढा ओला डाग दिसला. त्याच पेटीतल्या चकतीवर त्या ६३ कॅसेटी होत्या. दुसरी प्रत होती खरी, तरी हातपाय गार पडले. फिटिंग तिरके आवळल्याने आतली रबरी कडी चिमटली होती. चूक माझीच. सगळे पाणी काढले, कडी बदलली, आटे बोटांनीच आवळले, पुन्हा चोवीस तास. दुसऱ्या रात्री पुरवण्या कोऱ्या निघाल्या. कोऱ्या पुरवण्यांचा इतका आनंद अध्यापकाच्या आयुष्यात क्वचितच येतो.

खोलीत ३१ अंश असताना पाणी ४४ वर स्थिरावले आणि कार्ड ५७ वर. पंखे फिरताहेत की नाही हे वाकून पाहावे लागे. मग कूलर बंद करून पहाटे ऐकायला बसलो, आणि आजवर न ऐकलेले बरेच काही कानी पडले. कोंबडा, कुणाचा तरी खोकला, सुपात पडणारे धान्य. एका जागी ओवी संपता संपता ‘‘पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा’’ असे अधीरपणे सांगणारा माझा चोविसाव्या वर्षीचा आवाज. त्यासरशी ती बाई गप्प झालेली.

आणि एक शब्द. चाळिसाव्या कॅसेटवर, तेव्हाच साठीपलीकडे असलेल्या एका आजींची ओवी आहे. भाऊ न्यायला आला आहे आणि सासुरवाशीण त्याला विनवते आहे की माझे हे आईला सांगू नको. काय सांगू नको? माझ्या वहीत आहे ‘ऊन’. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात त्या उन्हावर दीड पान आहे : वऱ्हाडातले ऊन, राबणाऱ्या स्त्रीचे ऊन, दाहाची प्रतिमा, वगैरे. परीक्षकांनी त्या दीड पानाचा विशेष उल्लेख केला होता. पुढे माझ्याच एका विद्यार्थिनीने त्याचा आधार घेऊन ओव्यांतील उन्हाच्या प्रतिमांवर एम.फिल.चा लघुप्रबंध लिहिला.

आता ऐकले तर शेवटी एक स्वर होता. पहिला उकार ऱ्हस्व होता. आजी ‘ऊन’ म्हणत नव्हत्या. ‘उनं’ म्हणत होत्या. वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो. म्हणजे ‘उणं’. आमच्या घरात काय कमी आहे ते आईला सांगू नको. दोन्ही शब्द नपुंसकलिंगी. ‘माझं’ दोहोंना चालते, म्हणून व्याकरणानेही मला कुठे अडवले नाही. तिथे प्रतिमा नव्हतीच. रिकाम्या डब्यांची गोष्ट होती.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मी दरवर्षी शिकवतो. लेखकू, त्याचे हस्तदोष, पाठभेदांची चिकित्सा, सारे शिकवतो. या ओवीचा लेखकू मीच होतो. दुसरी प्रत असती तर ताडून पाहता आली असती. दुसरी प्रत म्हणजे त्या आजींचा गळा, आणि त्या जाऊन अकरा वर्षे झाली होती.

तरीही खात्री करावी म्हणून लॅपटॉप घेऊन गावी गेलो. आजींच्या सुनेला जात्याची घरघर काढून स्वच्छ केलेला आवाज ऐकवला. ती थोडा वेळ गोंधळून पाहत राहिली. ‘‘सर, जातं कोठी गेलं? हा काय आमच्या बुडीचा आवाज व्हय?’’ ज्या प्रक्रियेसाठी यंत्र इतके तापले ती बाजूला ठेवून मूळ ध्वनिमुद्रण लावले. घरघर सुरू झाली तशी तिने मांडी बदलली. मी तो शब्द येण्याआधी काही सुचवणार नाही असे ठरवले होते आणि सुचवले नाही. शब्द आला, गेला. काय ऐकलंत, म्हणून विचारले.

‘‘उनं,’’ ती म्हणाली. मी विचारले, ऊन नाही ना? ‘‘ऊन कायले राहीन? ऊन तं आईकडंबी असते.’’

विद्यापीठाच्या ग्रंथालयातील प्रबंधात दुरुस्ती चिकटवण्याची सोय नाही, असे तिथल्या खिडकीवर समजले. विद्यार्थिनीला मात्र पत्र लिहिले आहे. ती आता वाशीमला शिकवते. उरलेल्या कॅसेटी पहिल्यापासून ऐकतो आहे, जात्यासकट. परवा सव्विसावी झाली. वहीतले आणखी चार शब्द बदलावे लागले आहेत. थारोळ्यातले पाणी बोटभर कमी झालेले दिसते. ते नळीतून अगदी सावकाश झिरपून जाते म्हणे, आणि वर्षाकाठी सगळे काढून नवे भरायचे असते. होळीनंतरच्या सुटीत ते काम करायचे आहे.