कॅप्टन टॉम आणि आमचे आबा

आमच्या बेडफर्डहून मार्स्टन मोरटेन हे गाव गाडीने वीस मिनिटांवर. एक चर्च, थोडी घरं, आजूबाजूला शेतं. 2020 च्या एप्रिलपर्यंत या गावात बघण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं असतं, तर मी "रस्ता चांगला आहे" असं सांगितलं असतं!

मग लॉकडाउनमध्ये तिथला एक 99 वर्षांचा म्हातारा चाकांचा वॉकर घेऊन स्वतःच्या बागेत फेऱ्या मारू लागला. टॉम मूर. शंभराव्या वाढदिवसाआधी, म्हणजे 30 एप्रिलच्या आत, 25 मीटरच्या शंभर फेऱ्या मारायच्या आणि त्यातून एनएचएसच्या मदतीसाठी हजार पौंड जमवायचे, एवढाच बेत. जमले किती? 3 कोटी 28 लाख पौंड. म्हणजे 300 कोटी रुपयांच्या वर. पंधरा लाखांहून जास्त लोकांनी दिले. आम्हीही दिले, दहा पौंड. (बायको म्हणाली वीस दे. मी पडलो इंजिनियर, तडजोड केली नाही.)

पण मला त्यांच्याविषयी खरी आपुलकी वाटली ती वेगळ्या कारणाने. हा गृहस्थ लढाईआधी सिव्हिल इंजिनियरिंगची उमेदवारी केलेला. सैन्यात भरती झाल्यावर बोटीने केप टाउनला वळसा घालून मुंबईत उतरला, तिथून रेल्वेने पुण्याला, आणि मुक्काम कुठे, तर आपल्या खडकीला! पुढे भर पावसाळ्यात तीन आठवडे रस्त्याने कलकत्ता, आणि तिथून ब्रह्मदेशात अराकान.

अराकान हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि त्याच अराकानात चिखल तुडवून आले होते. मी लगेच साताऱ्याकडे गावी व्हिडिओ कॉल लावला. चुलतभावाने फोन आबांच्या तोंडासमोर धरला. तेव्हा आबा 95 वर्षांचे. मी म्हटलं, "आबा, हे बघा, हे साहेब तुमच्याबरोबर अराकानात होते. आणि त्याआधी खडकीला!"

आबांनी बराच वेळ त्या वॉकरकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याला इचार, जळवा आठवत्यात का."

बस्स. लढाईविषयी आबा एवढंच बोलायचे. जळवा, डास, पाऊस आणि कधीच न वाळणारे मोजे. गोळीचा विषय निघाला की तपकीर शोधायला लागायचे.

टॉमसाहेबांचं उरलेलं आयुष्यही आपल्याला ओळखीचं वाटावं असं. काँक्रीटच्या कंपनीत व्यवस्थापकी, मोटरसायकलच्या शर्यतींचा नाद, आजारी बायकोची शेवटपर्यंत काळजी, आणि ती गेल्यावर मुलगी, जावई, नातवंडं यांच्याबरोबर एका घरात. इंग्लंडात म्हातारी माणसं घराबाहेरच काढतात असं आपल्याकडे ठामपणे सांगणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी. शंभरीला त्यांना दीड लाखाच्या आसपास कार्डं आली. ती मांडायला इथल्या शाळेचं सभागृह लागलं. जुलैमध्ये राणीने विंडसरला सर ही पदवी दिली. 2 फेब्रुवारी 2021 ला बेडफर्डच्या इस्पितळात ते गेले. कोविडच्या नियमांमुळे अंत्यविधीला घरची आठच माणसं, वरून एक जुनं डाकोटा विमान गेलं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण त्यांच्या नावाने घरच्यांनी एक फाउंडेशन काढलं होतं. त्यावर चौकशी बसली. नोव्हेंबर 2024 मध्ये चॅरिटी कमिशनचा अहवाल आला: मुलगी आणि जावई यांनी संस्थेचा कारभार आणि स्वतःचा फायदा यांत अंतर ठेवलं नाही. त्याआधीच, घराच्या आवारात परवानगीपेक्षा वेगळी बांधलेली स्पाची इमारत पाडून टाकावी लागली होती. घरच्यांना हा अहवाल अन्यायाचा वाटतो. आणि हे नीट लक्षात घ्या की फेऱ्या मारून जमवलेल्या त्या 3 कोटी 28 लाखांशी याचा काही संबंध नाही. ते पैसे थेट एनएचएसच्या धर्मादाय संस्थांकडे गेले. पण लोक एवढं कुठे वाचतात? ऑफिसात कुणीतरी "कॅप्टन टॉम" म्हटलं आणि टेबलावरचे चौघे हसले. मला ते फार लागलं. म्हाताऱ्याने काय केलं होतं?

नेमका त्याच आठवड्यात काकांचा फोन. आबा 2023 मध्ये गेले, 98 वर्षांचे होऊन. काका म्हणाले, "आबांच्या नावाने प्रतिष्ठान काढायचं ठरवलंय. तू परदेशात, तुझा वाटा मोठा पाहिजे."

मी गप्प. मग म्हटलं, "काका, पैसे देतो. पण शाळेला द्या. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही, ते करा. प्रतिष्ठान नको."

"म्हणजे आमच्यावर भरवसा नाही?"

याला उत्तर नव्हतं. भरवसा आहे. काकांनी आबांचं सगळं केलं, रात्री-अपरात्री उठून केलं. मी वर्षातून दोन आठवडे जाऊन आबांच्या पाया पडून यायचो. मग मी कोण नको म्हणणारा? आणि टॉमसाहेबांची मुलगीही वाईट हेतूनेच निघाली असेल असं मला वाटत नाही. वडिलांना तिनेच सांभाळलं होतं.

शेवटी मी काकांना गावच्या कमानीची आठवण दिली. एका पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीने कमानीवर आबांचं नाव टाकायचं ठरवलं होतं. आबा काठी टेकत गेले आणि सरपंचांना म्हणाले, "जे गेलं त्यांची नावं टाका. मी आलोय की परत."

काकांनी फोन ठेवला. दोन महिने बोलले नाहीत. माझ्या बाबांनीही मला ऐकवलं.

मग एके दिवशी व्हॉट्सॲपवर गवंड्याचा अंदाजपत्रकाचा कागद आला, फरशी, दार, टाकी, नळ सगळं लिहिलेलं. पाठोपाठ काकांचा फोन. "बघून घे. तू इंजिनियर. नाव टाकत नाही कुठं. पण हेडमास्तरांच्या खोलीत आबांचा एक फोटो तरी लावू दे की."

"लावा," म्हटलं. "आणि काका, टाकी पाचशे लिटरची पुरणार नाही. हजाराची घ्या."