दिसले काय, मानले काय

उडत्या तबकड्यांचा विषय मुलांना फार प्रिय. माझ्या नववीच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतेच, "टीचर, इंग्लंडच्या शेतात तबकडी उतरल्याच्या गोल खुणा आहेत ना?" मी उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नव्हे. तरी या प्रश्नाला मी हौसेने वेळ देते, कारण त्याचे उत्तर मजेदार आहे आणि डोळे उघडणारेही.

दक्षिण इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरात डग बाऊअर आणि डेव्ह चॉर्ली हे दोन मित्र राहत. डग काही वर्षे ऑस्ट्रेलियात राहून आला होता. तिथे 1966 साली टली गावाजवळच्या पाणथळ जागेत गवत गोलाकार आडवे झालेले आढळले होते आणि 'तबकडीचे घरटे' म्हणून त्याचा गवगवा झाला होता. आपणही असेच काही करून लोकांची गंमत पाहावी, असे या दोघांच्या मनात आले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी काम सुरू केले. सामान काय, तर एक लाकडी फळी, दोरी आणि रेषा सरळ यावी म्हणून टोपीला लावलेली तारेची कडी. रात्री शेतात शिरायचे, फळी पायाने दाबत पीक निजवायचे आणि उजाडण्याआधी घरी परतायचे.

सुरुवातीला कुणाचे लक्षच गेले नाही. मग वृत्तपत्रांत फोटो आले, पुस्तके निघाली, अभ्यासक तयार झाले. एका हवामानतज्ज्ञाने हे वावटळीचे काम असल्याचे सांगितले, तेव्हा या दोघांनी मुद्दाम आकृतीत सरळ रेषा घातल्या. वावटळ कुठे सरळ रेषा काढते? इकडे डगच्या बायकोला गाडीचे मीटर पाहून वेगळाच संशय आला. नवरा रात्री-अपरात्री इतके मैल जातो कुठे? शेवटी त्याला घरात सगळे कबूल करावे लागले.

सप्टेंबर 1991 मध्ये 'टुडे' या इंग्रजी वृत्तपत्राने ही हकिकत छापली. त्याआधी पत्रकारांच्या सांगण्यावरून दोघांनी एक ताजी आकृती काढली होती. या विषयावर पुस्तक लिहिणारे पॅट डेल्गाडो यांना ती दाखवली. हे माणसाचे काम नव्हे, असा निर्वाळा त्यांनी दिला. खरे कळल्यावर आपण फसलो, हे त्यांनी मान्य केले. पण बाकीच्या कित्येकांनी मानले नाही. "काही यांनी काढल्या असतील, सगळ्या थोड्याच?" असे ते म्हणत राहिले.

माझ्या वर्गातली मुले इथे हसतात. मी त्यांना विचारते, ती माणसे मूर्ख होती का? तसे मला वाटत नाही. खुणा खऱ्याच होत्या, कुणीही जाऊन हात लावून पाहाव्यात अशा. खोटी होती ती त्यामागची गोष्ट. दोन म्हाताऱ्यांनी फळीने केले, यापेक्षा दूरच्या ताऱ्यावरून कुणी आपल्याला भेटायला आले, हे ऐकायला कितीतरी छान वाटते. शिवाय एकदा चारचौघांत ठामपणे बोलून गेलेला शब्द मागे घेणे फार जड जाते. आपण पाहतो एक आणि मानतो दुसरेच, हे आपल्या लक्षातही येत नाही.

2 एप्रिल 2022 ची संध्याकाळ विदर्भातल्या अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि आपल्याकडे रमजानचा चाँद. मगरिबनंतर लोक अजून गच्चीवरच होते. तेवढ्यात जळत्या तुकड्यांची एक रांग आकाशातून संथपणे सरकत गेली. कुणी उल्का म्हणाले, कुणी पेटलेले विमान, कुणी क्षेपणास्त्र, कुणी तबकडी. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. चिनी रॉकेटचा जुना भाग वातावरणात शिरून जळाला, असे खगोलशास्त्रज्ञांनी सांगितले. पाहणारा कुणीही खोटे बोलत नव्हता. प्रकाश सगळ्यांनी पाहिला होता, तबकडी मात्र डोक्यातली होती.

गंमत अशी, की त्याच संध्याकाळी मशिदीत चाँदची गवाही घेतली जात होती. गवाही घेताना काय विचारतात, आठवून पाहा. स्वतः पाहिला की कुणाकडून ऐकला? किती वाजता? कुठल्या दिशेला? सोबत कोण होते? या प्रश्नांनी गवाही देणाऱ्याचा अपमान होत नाही, त्यालाही राग येत नाही. ही सवय आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या आहे. ती आपण फक्त चाँदरातीपुरती ठेवली आहे.

आणि हे केवळ गमतीचे प्रकरण नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. पोटासाठी गावोगाव फिरणारी ती माणसे होती. तिथे एकानेही थांबून "तू स्वतः पाहिलेस का?" एवढे विचारले असते, तर कदाचित पाच घरे वाचली असती.

आमच्या घरी सासरे रोज सकाळी मोबाइलवर आलेले व्हिडिओ पुढे पाठवतात. मध्यंतरी एका तबकडीच्या व्हिडिओवर माझा मुलगा मोठ्याने हसला, "दादा, हे तर एडिटिंग आहे!" दादा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ त्यांनी शेजारच्या चाचांना जास्तच जोरात दाखवला. हसल्याने माणूस बदलत नाही, उलट अडून बसतो. मी मुलाला म्हटले, हसू नकोस, त्यांच्याजवळ बस आणि विचार. आता तो विचारतो, "दादा, हा कुणी काढला? कुठल्या गावचा? तुम्हाला कुणी पाठवला?" परवा दादांनी स्वतःच एक व्हिडिओ पुसून टाकला. म्हणाले, "पाठवणाऱ्यालाच माहीत नाही, कुठला आहे ते."

मुलांना आपण उत्तरे पुष्कळ देतो. अदबीने प्रश्न कसा विचारायचा, हे त्यांना घरातच शिकवले पाहिजे. आणि समोरचा म्हणाला, "हो, माझी चूक झाली," तर त्याला टोमणा न मारता चहा पुढे करायलाही.