वकिलाविना पिंजऱ्यात

फौजदारी कोर्टात नाव पुकारलं जातं, आरोपी पिंजऱ्यात उभा राहतो, आणि सरकारी साक्षीदाराचा उलटतपास घ्यायला त्याच्या बाजूने कुणीच नसतं.

अरुणाचल प्रदेशातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचं असंच झालं. बदलीचा हुकूम रद्द करावा म्हणून अभियंत्याला धमकावल्याचा आरोप. वकील परवडत नव्हता. सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही. साक्षीदार बोलून गेले, त्यांना नीट प्रश्न विचारणं त्याला जमलं नाही, दोन वर्षांची कैद झाली. उच्च न्यायालय म्हणालं, त्याने वकील मागितलाच नव्हता! पण ज्याला हक्कच ठाऊक नाही, तो मागणार कसा? सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये नेमकं हेच धरून शिक्षा रद्द केली.

पुढे २०१२ साली, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातल्या कसाबची फाशी कायम करणाऱ्या निकालातच, याच न्यायालयाने बजावलं: आरोपी पहिल्यांदा समोर येताच वकिलाचा हक्क त्याला समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. एवढ्या क्रूर गुन्ह्याच्या खटल्यात हे लिहिलं गेलं, म्हणूनच ते मोलाचं.

आता तालुक्याच्या कोर्टातही मोफत वकील मिळवून देणारी विधी सेवा समिती असते. कोठडीतल्या माणसाला तर त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही.