गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

सकाळी गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, आठ-दहा किलोमीटर गाडी निर्वेध धावते, मग आचके देत थांबते. आणि अर्धा तास झाडाखाली उभी केली की जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते. जुन्या बुलेटच्या दुखण्यांत हे सर्वांत फसवे, कारण मिस्त्रीच्या दारी पोहोचेपर्यंत ती बरी झालेली असते.

सांगलीच्या अण्णांच्या गाडीला हेच जडले होते. दर गुरुवारी ते शिरोळला थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे जात. अण्णांचे वय एकाहत्तर, आक्का ऐंशीच्या पुढे. अंकलीच्या पुलापलीकडे भर उन्हात तीनदा खोळंबा झाल्यावर घरात विषय निघाला. पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, "अण्णा, गाडीचं वय झालं. गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू. आक्काआत्याकडे जायला रिक्षा ठरवून देतो." त्याचे बोलणे वावगे नव्हते. पण चर्चा कोणाच्या वयाची चालली आहे, हे न कळण्याइतके अण्णा भोळे नव्हते. ते एवढेच म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांब."

तोवर खर्च काही कमी झाला नव्हता. प्लग दोनदा बदलला, कार्बोरेटर तीनदा धुतला, बॅटरी नवी घातली. एकाच दिवशी दोन-दोन गोष्टी बदलल्यामुळे दोष कशात नाही, हेदेखील सांगता येईनासे झाले. साखर कारखान्याच्या विद्युत विभागात उभी नोकरी केलेल्या अण्णांना ही पद्धत मुळीच पसंत नव्हती. परंतु मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक काम दिसेना, आणि म्हणून गाडी इतरांच्या हाती गेली होती.

शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहणारी नात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. अण्णांनी तिला वहीत आकृती काढून दिली. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो. पॉइंट उघडताच तो तुटतो, कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र क्षणात कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगवर ठिणगी पडते. सारे रहस्य 'क्षणात' या शब्दात. प्रवाह रेंगाळत तुटला, तर ठिणगी दुबळी. तो झटकन तुटावा म्हणून पॉइंटला समांतर एक कंडेन्सर जोडलेला असतो. बोटाच्या पेराएवढा, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा. पॉइंट उघडतानाचा लोंढा तो स्वतःत घेतो. जुन्या बुलेटमध्ये तो पॉइंटच्या डबीत, इंजिनाच्या उष्णतेतच बसवलेला असतो.

पुढच्या गुरुवारी नात स्कूटरवरून मागे निघाली. अंकली ओलांडल्यावर गाडी नियमाप्रमाणे बंद पडली. तिने लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढला, तेव्हा अण्णांनी हात धरला. "आधी काही हलवू नकोस. दुखतंय तेव्हाच नाडी बघायची. सुई बघ."

हेडलाइटच्या टोपावरचा अँमीटर हे या गाडीचे मोठेच वैभव, आणि बहुतेकांना ते शोभेचे वाटते. किल्ली चालू ठेवून किक हळूहळू दाबली, तर पॉइंट मिटताच सुई खर्चाच्या बाजूला झुकते आणि उघडताच मध्यावर येते. ती हललीच नाही, तर किल्ली, एखादी तुटलेली वायर किंवा काजळलेले पॉइंट यांच्याकडे संशय जावा. येथे सुई नीट डोलत होती. म्हणजे कॉइलपर्यंत प्रवाह पोहोचत होता, बिघाड त्यापुढचा.

फडक्याने धरून प्लग काढला, कॅपमध्ये घालून पेट्रोलच्या वाफेपासून दूर, इंजिनाच्या पंख्यांना टेकवला आणि किक मारली. ठिणगी पडली, पण पिवळसर आणि मरतुकडी. मग पॉइंटचे झाकण उघडले. अण्णांनी पुन्हा किक मारताच नात ओरडली, "आजोबा, ठिणग्या इथेच उडताहेत!" दोन टोकांमध्ये निळा-पांढरा कडकडाट चालला होता आणि ती काळी पडली होती. कॉइल बिघडली तरी प्लगची ठिणगी क्षीण होते. पण पॉइंट असे जळू लागले, की पहिला संशय कंडेन्सरचा.

अण्णांनी डब्यातून एक वापरलेला, परंतु पारखलेला कंडेन्सर काढला. (नवा म्हणजे चांगला, यावर त्यांचा विश्वास नाही, आणि बाजारातले कंडेन्सर पाहता तो का असावा?) जुन्याची वायर सोडवून नव्या जोडीदाराची वायर पॉइंटला आणि अंग इंजिनाला जोडले. दुसरे काहीही बदलले नाही. इंजिन अजून तापलेलेच होते. प्लगवरची ठिणगी निळी झाली, आणि प्लग बसवल्यावर गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. गार होण्याची वाट न पाहता ती सुरू झाली, हाच खरा पुरावा.

त्या रविवारी कंडेन्सर उष्णतेपासून दूर, कॉइलशेजारी हलवला. काचकागदाने पॉइंट साफ केले आणि त्यांतले अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान लावले. फिलर गेजवरचे आकडे नातीने वाचले. स्क्रू मात्र अण्णांनी आवळला.

मुलाने फोनवर सगळे ऐकून घेतले आणि दोन अटी घातल्या : गुरुवारी सकाळी नऊच्या आत शिरोळला पोहोचायचे, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवायची नाही. पहिली अण्णांनी तत्काळ मान्य केली. दुसरीवर त्यांनी पंधरा दिवस मागून घेतले आहेत. गिऱ्हाईक अजून अधूनमधून फोन करते.