बाळोती

‘बाळोते’ हा शब्द मराठी बोलण्यातून आता जवळजवळ गेला आहे. त्याची जागा आधी लंगोटाने घेतली, मग नॅपीने आणि शेवटी डायपरने. बाळोते दुकानात मिळत नसे. ते घरातल्याच जुन्या लुगड्याचा धडपा फाडून होई, आणि लुगडे जितके अधिक धुतलेले तितके बाळोते चांगले, कारण वापरून विरलेले सूत मऊ असते, पाणी चटकन शोषते आणि लवकर वाळते. आजीच्या अंगावरचे वस्त्र असे नातवंडाच्या अंगाखाली येई. पावसाळ्यात ही बाळोती वाळवणे हा घरातल्या बायकांपुढचा मोठा प्रश्न असे. शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर ती पसरली जात, आणि बाळंतिणीच्या खोलीत धुरी, ओवा आणि अर्धवट वाळलेले सूत यांचा मिळून एक वास भरून राही.

या वासाला भारतीय कवितेत फारसे स्थान मिळाले नाही. वात्सल्याची कविता आपल्याकडे विपुल आहे. तिच्यातला बाळ रांगतो, माती खातो, लोणी चोरतो, चंद्र मागतो. त्याचे धूळभरले अंग कवीला मोहक वाटते, परंतु त्याखेरीज दुसरा मळ त्या अंगाला सहसा लागत नाही. तमिळमधील ‘पिळ्ळैत्तमिळ’ या काव्यप्रकाराने बाल्याच्या दहा अवस्था कल्पिल्या आहेत. बाळाने टाळ्या वाजवाव्यात, मुका द्यावा, चंद्राला खेळायला बोलवावे, अशा अवस्था तिथे आहेत; ओल्या दुपट्याची अवस्था त्या दहांत नाही. कवींना दोष द्यावा असे यात काही नाही. बहुतेक कवी पुरुष होते, आणि मोरी त्यांच्या घरातही मागच्या अंगाला असणार.

एका निवृत्त प्राध्यापकांनी ही वात्सल्याची कविता तीस वर्षे शिकवली. मुलगी बंगळूरला नोकरी करते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मिळणारी सव्वीस आठवड्यांची प्रसूतिरजा संपवून ती कामावर रुजू झाली, तेव्हा नातवाला सांभाळायला हे पतिपत्नी पुण्याहून तिच्याकडे गेले. सांभाळणे म्हणजे पत्नीने सांभाळणे आणि प्राध्यापकांनी फिरवून आणणे, अशी वाटणी आपोआप झाली होती. पत्नीला बहिणीच्या आजारपणासाठी आठ दिवस पुण्याला यावे लागले, आणि दुसऱ्याच दुपारी ते नातवासह घरात एकटे सापडले.

बाळाचे उष्टावण नुकतेच झाले होते. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मोहरीच्या कालवणासारखी पिवळी, पातळ असते, आणि तिला आंबूस असला तरी उग्र वास नसतो. पोटात भाताची पेज आणि वरण जाऊ लागले की ती माणसाची होते. त्या दुपारी डायपर मागच्या बाजूने फुटावा तसे झाले. कमरेवरून पाठीपर्यंत, झबल्याच्या आतून थेट मानेपर्यंत. प्राध्यापकांनी झबले डोक्यावरून ओढून काढले. परिणामी ते बाळाच्या जावळाला, कानामागे आणि एका भुवईला लागले. पुसायला घेतलेला हात बाळाने पकडला आणि पकडलेला हात तोंडात घालायला निघाले. पाच मिनिटांत चादर, गादीवरचे मेणकापड, आजोबांचा सदरा आणि चष्म्याची एक काडी एवढे सगळे त्यात सामील झाले होते. बाळ हसत होते.

अखेर त्यांनी फोन लावला. ‘‘अहो, डोक्यावरून कशाला काढलंत?’’ पलीकडून आवाज आला. ‘‘त्या झबल्याचा गळा खांद्यावर दुमडलेला असतो बघा. तो ताणायचा आणि खाली पायाकडे ओढायचं.’’ मग थोडे थांबून, ‘‘कपडे गरम पाण्यात नाही ना टाकलेत?’’ ते त्यांनी टाकलेच होते. घाण जितकी मोठी तितके पाणी कढत, असा त्यांचा समज. गरम पाण्याने डाग धाग्यात बसतो. आधी गार पाण्याच्या धारेखाली ते झाडून काढायचे, मग साबण, आणि शेवटी कडक ऊन. शीचा पिवळा रंग पित्तातील द्रव्यांचा असतो आणि प्रकाशाने त्यातली काही फिकी पडतात. काविळीच्या नवजात अर्भकाला दवाखान्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवतात तेही याच तत्त्वावर. त्यांच्या पत्नीला यातले रसायन ठाऊक नव्हते. तिने एकाच मुलीची असली तरी दीड-दोन वर्षांची बाळोती धुतली होती, आणि त्या काळात प्राध्यापकांचा प्रबंध लिहून पूर्ण झाला होता. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिचे नाव शेवटच्या ओळीत आहे.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. आठवली ती आई. शेवटचे वर्ष ती अंथरुणाला खिळून होती. दोन वेळा बाई येई आणि कपडे बदली. त्या वेळी हे खोलीबाहेर जाऊन उभे राहत. आईला संकोच वाटू नये म्हणून, असे ते म्हणत. एकदा बाई आली नाही. आईने दोनदा हाक मारली, आणि त्यांनी शेजारच्या ब्लॉकमधल्या बाईंना बोलावून आणले. आई त्यांना काही बोलली नाही. नातवाचे बूड पुसताना जी किळस अर्ध्या मिनिटात मावळली, ती तेव्हा वर्षभर का मावळली नाही, याचे उत्तर त्यांनी पूर्वी संकोच या शब्दाने दिले होते. आता तो शब्द त्यांना पुरेना.

या बाबतीत गांधींचे चरित्र विलक्षण आहे. दक्षिण आफ्रिकेत धाकट्या दोन मुलांच्या वेळी त्यांनी दाई ठेवली ती मुख्यतः कस्तुरबांच्या मदतीसाठी. बाळांचे सगळे ते स्वतः करीत. १९०० मध्ये देवदासांचा जन्म झाला तो त्यांच्याच हातून, एका गुजराती पुस्तकाच्या अभ्यासावर विसंबून. मात्र त्याआधी दोनच वर्षे, दरबानच्या घरात एका कारकुनाचे मूत्रपात्र उचलताना कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा ते हसतमुखाने उचलले पाहिजे असा हट्ट धरून त्यांनी तिला फाटकापर्यंत ओढत नेले. आत्मकथेत हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. स्वतः घाण काढणे आणि दुसऱ्याने ती आनंदाने काढावी अशी अपेक्षा करणे यांतले अंतर त्यांनाही तेव्हा दिसले नव्हते. पुढे १९३६ मध्ये त्यांनी सफाई कामगाराची तुलना आईशी केली. आंबेडकरांना हा गौरव मान्य नव्हता, आणि त्यांचे म्हणणे अधिक खरे वाटते. आई दोन-अडीच वर्षे शी काढते. मग मूल मोरीत जायला शिकते आणि आई मोकळी होते. तिचा हात धुतला की शुद्ध. ज्यांच्या पिढ्या हेच काम करीत आल्या त्यांचा हात कोणत्या पाण्याने धुतला जाणार होता? बाळंतिणीच्या पहिल्या दहा दिवसांची, सोयरातली धुणी अनेक घरांत सुइणीकडेच जात. घरच्या बायकांची माया अकराव्या दिवशी मोरीवर येई.

डायपरने मोरी सुटली. हात सुटले नाहीत. १९६१ मध्ये अमेरिकेत ‘पँपर्स’ बाजारात आले, आणि पाणी धरून ठेवणारी रासायनिक भुकटी त्यांत पुढे ऐंशीच्या दशकात आली. आता धुवायचे काही नाही, फक्त गुंडाळून टाकायचे. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी नागरिकांना विनवले की, असे डायपर कागदात बांधा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ते नकळत उघडणार नाही. बंगळूरला यासाठी वेगळी लाल बादली आहे. ती सकाळी कोण नेते हे प्राध्यापकांनी कधी पाहिले नव्हते. त्या आठवड्यात ते दारात उभे राहिले. हातमोजा एकाच हाताला घातलेली एक तरुण स्त्री आली, बादली रिकामी केली आणि कन्नडमध्ये काही म्हणाली. त्यांना कन्नड येत नव्हते. आत बाळ रडत होते, म्हणून ते आत गेले.

आठ दिवसांनी पत्नी परतली. गच्चीच्या दोरीवर झबली वाळत होती. त्या दुपारचे झबले शेवटी टोकाला होते. पाठीवर फिकट पिवळा डाग अजून राहिला होता. तिने ते उतरवले, नळाखाली नुसते ओले केले आणि उलटे करून पुन्हा उन्हात घातले.